बिनइंजिनाचं विमान

११ जानेवारी, रविवार
पावणेनऊला बरडीवर, नेहमीच्या उजाड माळावर, पोचलो. शाहपूर सोडल्यावर कुत्रं सुद्धा भेटलं नाही. थंडी, वारा शून्य. चार उड्डाणं. सगळ्यात लांब दोन मिनिटं दहा सेकंद.
आधी बायको, मंगल, विमान धरायची आणि मी रिमोट. आता एका हातात विमान, एका हातात रिमोट, आणि समोरून तीस मीटर ताणलेलं रबर दोन्ही ओढून नेऊ बघतंय. चौथ्या वेळी वाकडं सुटलं. उजव्या पंखाचं टोक खरचटलं.
विमानाला इंजिन नाही. रबराच्या झटक्याने जेवढं वर जाईल तेवढं जाईल, पुढे जमीन तापून हवा उठली तर तरंगेल, नाही तर उतरेल. जानेवारीत उतरतंच.
अकराला म. चा पुण्याहून फोन. नातवाला, अर्णवला, सर्दी. तिचा आवाजही बसलेला वाटला. "जेवताय ना वेळेवर?" मी म्हटलं, मजेत. घरी येऊन कालची खिचडी.

१४ जानेवारी
संक्रांत. आमच्या बुधवारा पेठेतल्या प्रत्येक गच्चीवर पतंग आणि भोंगे. शेजारच्या गच्चीवरून हाक आली, "काका, अपना हवाई जहाज निकालो." हसले सगळे. साठीला आलेल्या माणसाने रविवारी विमान घेऊन रानात जावं हे गल्लीला तेरा वर्षांत पचलेलं नाही. मीही हसलो, खाली आलो.
तिळगूळ द्यायला कोणी आलं नाही. घरात बाई नसली की दाराशी कोणी येत नाही, हे मला पंधरा महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं.

१ फेब्रु., रवि.
म. दोन महिन्यांसाठी गेली होती. सुनेची, रुचाची, रजा संपली, बाळ चार महिन्यांचं, पाळणाघरावर कुणाचा भरवसा नाही. मुलगा, निखिल, स्वतः न्यायला आला. दोन महिन्यांचे पंधरा झाले.
मी "कधी येतेस" असं एकदाही विचारलेलं नाही. तिच्यावर ओझं नको. मुलाला वाटायला नको की बाप आडवा येतो. तिला यायचं असेल तेव्हा ती येईल, तिकीट काढायला निखिल आहे, गाडी थेट बऱ्हाणपूरला थांबते. शहाणी बाई आहे.
हे मी स्वतःला समजावतोय का, असं लिहिताना वाटलं. लिहून ठेवतो तरी.
उड्डाणं तीन. सगळी दोन मिनिटांच्या आत.

१२ फेब्रु.
प्रॅक्टिकलच्या परीक्षा. दिवसभर भिंगं आणि लंबक. बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, अजून पोरं लंबकाचे झोके मोजताना एक चुकवतातच. शिपाई रमजान म्हणाला, "सर, मैडम की तबीयत तो ठीक है ना? बहुत दिन हुए, डिब्बे में भाजी अच्छी नहीं दिखती आपकी." माझा डबा सगळी शाळा बघते म्हणजे.

२२ फेब्रु., रवि.
ऊन चढायला लागलं. साडेदहाच्या पुढे हवा हलते. आज सहा मिनिटं! (उद्गारचिन्ह विमानासाठी, माझ्यासाठी नाही.)
बरडीच्या दक्षिणेला केळीच्या बागा, उत्तरेला कापसाची रानं, आता नांगरून काळी पडलेली. काळ्या रानावर हवा उठते, केळीवर बसते. ओलावा असतो खाली. हे पुस्तकात नव्हतं, दोन विमानं गमावून कळलं. म. ने उठणाऱ्या हवेला नाव ठेवलं होतं, वाफ. "वाफ लागली हो, वाफ लागली," असं खुर्चीतून सांगायची. मेथी निवडत बसलेली असायची पण नजर वर. तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले. विमान धुरकट आभाळात दिसेनासं झालं की म्हणायची, "डावीकडे. घारीच्या खाली."
तिला या छंदाची आवड कधीच नव्हती. रविवारी घरात एकटं बसायचं नाही म्हणून यायची. हे तिने मला स्पष्ट सांगितलं होतं.

८ मार्च, रवि.
सत्तेचाळीस मिनिटं.
परत लिहितो. सत्तेचाळीस मिनिटं. आजवरचं सगळ्यात लांब म. समोर झालेलं एकवीस.
अकरा चाळीसला सोडलं. उत्तरेकडे कोणीतरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, त्या धुराच्या कडेला दोन घारी गोल फिरत होत्या, पंख न हलवता. त्यांच्यात नेऊन घातलं. एक घार खाली आली, विमान बघितलं, परत वर. मग आम्ही तिघं. मान आखडली, डोळ्यांतून पाणी, पण नजर हलवली नाही. विमान नखाएवढं झालं. शेवटी बॅटरीच्या धाकाने मीच उतरवलं. पायाजवळ दहा पावलांवर येऊन टेकलं.
"बघितलंस?" असं मी मोठ्याने म्हणालो. डावीकडे वळून. डावीकडे बाभूळ आणि माझी स्कूटर.
मग तिथेच खाली बसलो थोडा वेळ. एवढं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.
फोन लावला. "सत्तेचाळीस मिनिटं झाली." म. म्हणाली, "हो का? छान. थांबा हं, याने खडू तोंडात घातला." थांबलो. मग फोन कट झाला. तिने केला की आपोआप, माहीत नाही. परत लावला नाही.
येताना मावा जिलबी घेतली. दोन खाल्ल्या, बाकी उद्या सकाळी रमजानला.

१५ मार्च, रवि.
गेलो नाही. कपडे धुतले. संध्याकाळी वाटलं, जायला हवं होतं.

२२ मार्च, रवि.
विमान गेलं.
अकरा वाजून काही मिनिटं. वर चांगलं होतं, काळ्या रानावर. खिशात फोन वाजला. रविवारचा अकराचा फोन म्हणजे म. बाकी कुणाचाही असता तर वाजू दिला असता. मी खाली बघितलं. खिशातून काढला, नाव बघितलं, उचलला, "हं, बोल," म्हटलं आणि वर बघितलं. आभाळ रिकामं.
नियम साधा आहे, पहिल्या दिवशी मीच तिला सांगितला होता: रिमोट ज्याच्या हातात त्याने नजर खाली करायची नाही, बाकीचं जग दुसऱ्याने बघायचं. दुसरं कोणी नव्हतं.
ती विचारत होती, काय करताय. मी रिमोटच्या काड्या हलवत आभाळ शोधत म्हटलं, "काही नाही. मजेत." ती अर्णवचं सांगत राहिली. मी हं हं करत राहिलो. एकदाच झलक दिसली, दक्षिणेला, केळीच्या बागांवर, खाली जाताना. मग तीही नाही.
तिला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? "तुझ्या फोनमुळे" असं ऐकू आलं असतं.
दीड वाजेपर्यंत बागेच्या कडेकडेने फिरलो. आत शिरलो तर एका माणसाने हटकलं. "ओ, किधर? सर्वेवाले आहे का तुमी? रोड इकडून जाऊन राह्यला का?" विमान शोधतोय म्हटलं तर त्याने तो रस्त्याच्या मोजणीचा ड्रोन धरला, आणि बागेतून रस्ता जाणार हे त्याचं पक्कं झालेलं. मी म्हटलं, मी शाळेत असतो, ते खेळण्याचं विमान आहे, त्याला इंजिनसुद्धा नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर हायेत? मंग सरळ सांगा ना, पोराचं हाये."
माझं आहे, असं सांगितलं. त्याने मग जास्त काही विचारलं नाही.

२३ मार्च
कालच्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग. काल तपकिरी होते, आज काळे. तीन वेळा घासले. जाणार नाहीत, इथल्या पोरांनाही माहीत असतं. म. असती तर बागेत शिरायच्या आधी शर्ट बदलायला लावला असता.

२९ मार्च, रवि.
बागवाल्याचं नाव प्रल्हाद पाटील. माणूस चांगला. स्वतः बरोबर आला. म्हणे, रोडवाले नाही याची खात्री तहसीलात जाऊन करून आलो. चार तास आम्ही ओळीओळीने हिंडलो. डोक्यावर पानांचं छत, आभाळाचे तुकडे. प्रत्येक घडाला पांढरी पिशवी घातलेली. माझं विमान पांढरं. दर दहा पावलांवर माझं काळीज उडायचं आणि ती पिशवी निघायची.
"मास्तर, लाल रंगाचं करायचं होतं," प्रल्हाद म्हणाला. खरं आहे. पांढरं म. ने निवडलं होतं. तेव्हा ती शोधायला बरोबर असणार होती.
घरी नेऊन जेवू घातलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. त्याच्या बायकोने तिसरी भाकरी न विचारता वाढली. सतरा महिन्यांत तव्यावरची भाकरी खाल्ली नव्हती. डोळे भरून आले ते मिरचीवर ढकललं.
प्रल्हाद म्हणाला, एप्रिलमध्ये कापणी आहे, तेव्हा सापडेल, बाग कुठे जाते.

५ एप्रिल, रवि.
विमान नाही तर रविवार कशाने भरायचा? बाल्साचं लाकूड मागवून नवं बांधता येईल, दोन महिने लागतील. टेबल पुसून ठेवलं, मागवलं नाही.
फोनवर म. ने विचारलं, "आज गेला नाहीत?" म्हटलं, ऊन फार. "बरं झालं. टोपी घालत नाही तुम्ही." मागे अर्णव काहीतरी आपटत होता. मला वाटलं ती काही बोलणार आहे. मी वाट बघितली. ती म्हणाली, "ठेवू?"

१२ एप्रिल, रवि.
सापडलं. सकाळी सातला प्रल्हादचा फोन, "मास्तर, कापणीवाल्याले भेटलं तुमचं इमान." दोन झाडांच्या पानांवर आडवं पडलं होतं, खालून दिसणं शक्यच नव्हतं. डावा पंख मध्यात मोडलेला, वरचा कागद उन्हाने सुरकुतलेला, बॅटरीच्या खाचेत मुंग्यांचं घर. पण धड शाबूत. पोर सापडल्यासारखं धरलं. कापणीवाले हसत होते, हसू देत.
लिहायचं आहे ते वेगळंच.
ओट्यावर चहा घेत होतो. वहिनी, म्हणजे प्रल्हादची बायको, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, पापडांचं बघत होती. म्हणाली, "बुधवारी हे जातील पोरीले आनाले. आखाजी झाली का जावई येतील घ्याले." मग सहज, "तुमच्या बाई कोठी हायेत भाऊ? कधी दिसल्या नही."
सांगितलं. पुणे, मुलगा, नातू.
"कवा येतील?"
म्हटलं, तिचं तिला ठरवू दे.
"तुमी घ्याले नही गेले?"
दिवाळीला गेलो होतो, चार दिवस राहिलो, म्हटलं.
"मंग?"
मग काय, आलो परत.
तिचा हात थांबला. "गेले अन् तिले न घेता आले?"
"घ्यायला नव्हतो गेलो वहिनी. भेटायला गेलो होतो."
"ते तुमाले मालूम. तिले काय मालूम, तुमी कायले आले."
प्रल्हाद म्हणाला, "जाऊ दे ना, शहरातल्या लोकाईचं वेगळं राह्यते." ती म्हणाली, बाई बाईच राह्यते, आणि पापडांकडे वळली.
स्कूटर कशी घरी आणली आठवत नाही.

१३ एप्रिल
तिचं माहेर रावेर. इथून पाऊण तास. एकतीस वर्षांत ती माहेराहून एकदाही एकटी आली नाही. बाळंतपणाहून, भावाच्या लग्नाहून, वडिलांच्या दिवसांहून, दर वेळी मी घ्यायला गेलो. मी कुरकुरायचो, गाडीत बसलीस तर पाऊण तास, मला कशाला सुट्टी घालवायला लावतेस. ती म्हणायची, "घ्यायला आल्याशिवाय कसं यायचं? दिसतं का बरं ते?" मी पोचायचो तेव्हा पिशवी दाराशी भरलेली असायची. चहासुद्धा घाईने व्हायचा.
मुलाचं घर हे माहेर नाही, म्हणून मला हा नियम तिथे लागू होईल असं सुचलंच नाही. मोकळीक देतोय असं मला वाटत होतं. चांगला नवरा.
गाढव.

१६ एप्रिल, गुरु.
दोन दिवस विचार करून आज दुपारी रुचाला फोन केला, ऑफिसच्या वेळेत, म. ला कळू नये म्हणून. पहिल्यांदाच सुनेला स्वतःहून केला. आधी घाबरली, काही झालं का बाबा. विचारलं, दिवाळीत मंगल काही म्हणाली होती का.
म्हणाली, "तुमच्या गाडीच्या आदल्या दिवशी आईंनी बॅग भरली होती. अर्णवच्या खोलीत कपाटाच्या मागे ठेवली होती. मी बघितली. मनात पहिलं हेच आलं, आता याला कोण बघणार. तुम्ही निघताना काहीच बोलला नाहीत. तुम्ही रिक्षात बसलात आणि त्यांनी आत जाऊन ती रिकामी केली. मी विचारलं नाही बाबा. मला सोयीचं होतं ते."
तिला रडू आलं. मी म्हटलं, तुझी चूक नाही. खरंच नाही.
ती रिक्षा मला आठवते. म. दाराशी उभी होती, नवी साडी नेसून. मला वाटलं, भाऊबीज झाली, म्हणून.

१९ एप्रिल, रवि.
आखाजी. मोडका पंख चिकटवून वाळत ठेवलाय, पण हात लावावासा वाटला नाही. बरडीवर गेलो नाही. प्रल्हादकडे जेवायला बोलावलं होतं. त्यांची पोरगी आलीय, ओट्यासमोरच्या कडुलिंबाला झोका बांधलाय, आणि पोरगी तीस वर्षांची असून झोक्यावरून उतरत नव्हती. वहिनीने काही विचारलं नाही. निघताना डाळीचे पापड बांधून दिले. "तिकडे न्या," एवढंच.
रजेचा अर्ज लिहिला. कारण: घरगुती.
अकराच्या फोनवर म. ला सांगितलं, शुक्रवारी येतोय. "अचानक? काय काम?" माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, सहज." ठेवल्यावर कपाळावर हात मारला. अजूनही सहज!

२३ एप्रिल, गुरु.
गाडीत. मिठाई म्हणून दराबा घेतलाय दोन डबे, पापड आहेत. समोरच्या सीटवर एक नवरा-बायको, ती संत्रं सोलून त्याला देतेय, तो मोबाइलमधून वर न बघता खातोय. त्याला काहीतरी सांगावंसं वाटलं. मी कोण सांगणारा.
वाक्य घोकतोय. "मी तुला घ्यायला आलोय." एवढंच आहे. दर स्टेशनला वेगळं ऐकू येतं, एकदा हुकूम वाटतो, एकदा भीक.

२४ एप्रिल, शुक्र., पुणे
सकाळी पोचलो. सातवा मजला. अर्णव मला ओळखत नाही, तिच्या पदराआडून बघतो. ती बारीक झालीय, पण चेहऱ्यावर तेज आहे. या घरात तिचा हात सगळीकडे फिरलेला दिसतो, डबे, कुंड्या, पोराच्या कपड्यांच्या घड्या. खाली बागेत तिच्या चार मैत्रिणी झाल्यात. एक तर लिफ्टमध्ये मला म्हणाली, "अच्छा, तुम्ही विमानवाले." म्हणजे ती सांगते माझ्याबद्दल.
निखिल-रुचा कामावर गेले. दुपारी पोर झोपलं. ती गॅलरीत कपडे काढत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं. घोकलेलं नाही, वेगळंच आलं. "दिवाळीत मला कळलं नाही. मी तुला घ्यायला आलोय. एकट्याने होत नाही माझं."
तिने एक झबलं दोरीवरून काढलं, झटकलं, घडी घातली. मग दुसरं.
"रुचाने सांगितलं?"
हो म्हटलं.
"तेव्हा नुसतं चल म्हणाला असतात तर तुमच्या आधी रिक्षात बसले असते." रागाने नाही म्हणाली. मोजूनमापून म्हणाली. "महिनाभर वाट बघितली त्यानंतर. मग म्हटलं, ह्यांचं चाललंय बरं. दर रविवारी मजेत."
मी दोरीवरचे चिमटे गोळा करायला लागलो.
"आता हे पोर माझ्याशिवाय झोपत नाही. आणि खोटं कशाला बोलू, मलाही इथं करमायला लागलंय."
मी विचारलं, मग येणार नाहीस?
"नाही म्हटलं का मी?" कपड्यांचा ढीग तिने माझ्या हातात दिला. "आत्तापर्यंत न्यायला सगळे आले. वडिलांकडून तुम्ही नेलंत, तुमच्याकडून निखिलने. तुला काय वाटतं असं कोणी विचारलं नाही. तुम्ही आज विचारताय का सांगताय?"
खरं सांगायचं तर सांगायलाच आलो होतो. म्हटलं, "विचारतोय."
"मग विचार करू द्या मला."
कपडे घेऊन आत आलो, पलंगावर ठेवले. कुठल्या कपाटात काय जातं ते मला माहीत नाही, म्हणून तसाच बसलोय. ती चहा टाकतेय. परतीची गाडी रविवारी दुपारची, तिकीट एकच आहे. दुसरं काढून ठेवू का म्हणून आत्ता स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. म्हणाली, थांबा.